तिसऱ्या खोलीत गोवर निघालाय, आता आम्ही काय करू?

डॉक्टरताई, नमस्कार.

आम्ही ठाणे जिल्ह्यात चाळीत राहतो. एका मजल्यावर चौदा खोल्या, पुढे एकच गॅलरी. आमच्यापासून तिसऱ्या खोलीतल्या पाच वर्षांच्या मुलाला काल गोवर निघाला. आधी तीन-चार दिवस ताप, सर्दी, खोकला, डोळे लालभडक. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, रोज त्याच्याबरोबरच गॅलरीत खेळतो. धाकटी सात महिन्यांची आहे.

मुलाला नवव्या महिन्यात गोवरची लस दिली होती. आठवड्याभराने त्याला ताप आला, अंगावर थोडं लाल उठलं. ‘लसीनेच गोवर आणला’ म्हणून ह्यांनी पुढचा डोस घेऊ दिला नाही. आता म्हणतात, शेजारच्या पोराने लस घेतली होती, तरी झालाच ना? बाकी सगळ्यांची पोरं घेतातच, आपल्या एकाने नाही घेतली तर काय बिघडतं? साथ येते तशी जाते. सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलाय, घरात फोडणी बंद केलीये. त्यांच्या मते गोवर एकदा अंगावरून गेलेला बरा, सुई-औषध केलं तर तो आत दबतो. मजल्यावरचे लोक म्हणतायत, त्या कुटुंबाला गावी पाठवा, नाहीतर तक्रार करू. त्या मुलाची आई मला रडत म्हणाली, कोणाला सांगू नकोस. मी तिला डबा नेऊन दिला म्हणून घरी बोलणी खाल्ली. माझं काही चुकलं का? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, अगं-तुगंच करा.

– एक आई

* * *

अगं, तुझं काही चुकलेलं नाही. डबा देणं तर मुळीच नाही. घरात आजारी मूल असलं की आईला स्वतःचं जेवण आठवत नाही, आणि तू ते ओळखलंस.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी तुला दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या: थोरल्याला आजच्या आज आरोग्य केंद्रात ने, आणि बाळाला कडेवर घेऊन तिथल्या डॉक्टरांना सगळं सांग. ते आधीच कळवलं, कारण इथे तासांचा हिशेब असतो. गोवरच्या रोग्याशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली, तर पुष्कळदा ती विषाणूच्या आधी पोहोचते. मग आजार होत नाही किंवा झालाच तर हलका जातो. पण हे घड्याळ पुरळ दिसल्यावर चालू होत नाही. गोवरचं मूल पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून दुसऱ्याला आजार देत असतं, आणि उठल्यानंतर आणखी चार दिवस. म्हणजे ती दोघं गॅलरीत खेळत होती, तेव्हा ज्याला सगळे साधी सर्दी समजत होते तो गोवरच होता. त्यामुळे तुझ्या मुलाच्या बाबतीत ७२ तास कदाचित उलटूनही गेले असतील. तरीही डोस द्यायचाच. त्याचा एक डोस झालाय, म्हणजे बऱ्यापैकी संरक्षण आधीच आहे. आणि चौदा खोल्यांच्या मजल्यावर हा रोगी शेवटचा असेल असं मला वाटत नाही.

चार वर्षांच्या मुलाला आता देतील का, ही शंका मनात आणू नकोस. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो, पण राहून गेला तर सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंत देतात, आणि फुकट देतात. उशीर का झाला म्हणून कोणी बोललंच, तर ऐकून घे आणि डोस घेऊन ये.

आता बाळाचं. सात महिन्यांच्या बाळाला एरवी ही लस देत नाहीत आणि त्याला कारण आहे. पोटात असताना आईकडून बाळाला प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, मिळालेली असतात. ती पहिले काही महिने त्याला सांभाळतात आणि हळूहळू विरत जातात. ती अंगात असताना लस टोचली तर ती लसीलाच निष्प्रभ करतात, म्हणून नऊ महिने पूर्ण व्हायची वाट पाहायची. अडचण अशी की आईचं कवच विरलंय आणि लसीचं अजून चढलेलं नाही, अशी मधली एक फट राहते. तुझी मुलगी नेमकी त्या फटीत आहे.

साथ असेल तिथे आरोग्य खातं या फटीतल्या बाळांचा वेगळा विचार करतं. २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवरची मोठी साथ आली, लहान मुलं दगावली. तेव्हा नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही गोवर होतोय असं दिसल्यावर, ज्या भागांत त्यांचं प्रमाण जास्त होतं तिथे सहा महिन्यांपासूनच्या बाळांना एक जादा डोस द्यायचं ठरलं. त्याला ‘शून्य डोस’ म्हणतात. शून्य अशासाठी, की तो मोजणीत धरायचा नाही. नवव्या महिन्याचा आणि सोळाव्या महिन्यानंतरचा असे दोन्ही डोस पुढे द्यावेच लागतात. तुमच्या भागात तो चालू आहे का, हे केंद्रातच विचार. शिवाय संपर्कापासून सहा दिवसांच्या आत अशा लहान बाळाला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देता येतं. ते गरजेचं आहे का, हे बालरोगतज्ज्ञ बाळाला पाहून ठरवतील. तू फक्त तारखा नीट सांग: त्या मुलाचा ताप कधी आला, पुरळ कधी उठलं, आणि बाळ शेवटचं त्याच्याजवळ कधी होतं. अंगावरचं दूध चालू ठेव.

तुझ्या यजमानांच्या प्रश्नांकडे येते. ते प्रश्न मला आवडले. ते आडमुठेपणाने विचारत नाहीयेत, त्यांनी डोळ्यांनी काही पाहिलंय आणि त्यावरून विचारतायत.

त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते म्हणजे लसीनंतर आठवड्याने आलेला ताप. हे त्यांना कोणीतरी तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं. गोवरच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो शरीरात थोडासा वाढतो आणि त्यातूनच शरीर त्याची ओळख पटवून घेतं. त्यामुळे सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास काही मुलांना ताप येतो, एखाद्याच्या अंगावर फिकट पुरळही दिसतं. दोन-तीन दिवसांत उतरतं, दुसऱ्याला लागत नाही. पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, सुईचा ताप त्याच रात्री येतो, म्हणून त्याची सगळ्यांना सवय असते. हा मागाहून येतो म्हणून माणसं घाबरतात.

दुसरं, शेजारच्या मुलाने लस घेतली होती तरी त्याला गोवर झाला. त्याचे किती डोस झाले होते, हे कार्ड बघून विचार. नवव्या महिन्यातला डोस शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी मुलांना लागू पडतो, पंधरांना पडत नाही. सुई तीच, औषध तेच. आईच्या प्रतिपिंडांचा थोडा अंश उरलेला असतो म्हणून शरीराने दखल घेतलेली नसते. ही पंधरा कोणती, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच दुसरा डोस, आणि मग शंभरातली सत्त्याण्णव झाकली जातात.

आता त्यांच्यासमोर वही घेऊन बस आणि हा हिशेब मांड. समज, तुमच्या आणि आजूबाजूच्या चाळींत मिळून शंभर मुलं आहेत. नव्वदांनी फक्त पहिला डोस घेतलाय, दहांनी काहीच नाही. नव्वदांपैकी तेरा-चौदांना लस लागू पडलेली नाही. गोवर आला की ज्यांच्याकडे संरक्षण नाही अशा जवळच्या दहांतल्या नऊ जणांना तो धरतो. म्हणजे लस न घेतलेल्यांपैकी नऊ आजारी पडतील, आणि लस घेतलेल्यांपैकी बारा. गॅलरीत उभं राहून पाहणाऱ्याला काय दिसेल? एकवीस आजारी मुलं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त लस घेतलेली! तो म्हणणारच, लस फुकट गेली. पण नव्वदांतले बारा आणि दहांतले नऊ, हे शेजारी शेजारी लिहून पाहा. आपण आजारी मुलं मोजतो. निरोगी मूल मोजायला कोणी येत नाही. मग त्याच वहीत नव्वद मुलांचे दोन्ही डोस झालेत असं धरून पुन्हा मांडा. त्यांच्यातली फक्त दोन-तीन उघडी राहतात.

‘आपल्या एकाने नाही घेतली तर काय बिघडतं’ याचंही उत्तर याच वहीत आहे. कोणाकडेच संरक्षण नसेल अशा वस्तीत गोवरचा एक रोगी बारा ते अठरा जणांना आजार देतो. इतकं वेगाने पसरणारे आजार फार थोडे आहेत. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. आपण सोयीसाठी पंधरा धरू. साथ थांबायची तर एका रोग्यापासून पुढे सरासरी एकाहून कमी जणांना आजार व्हायला हवा. म्हणजे त्या पंधरांपैकी निदान चौदा जण आधीच सुरक्षित हवेत. पंधरातले चौदा म्हणजे शंभरातले त्र्याण्णव. लस शंभर टक्के लागू पडत नाही, म्हणून आरोग्य खातं पंचाण्णवचा आकडा धरून बसतं आणि तेही दोन्ही डोसांचं. शंभर मुलांत पाच जणांची सूट आहे, त्याहून जास्त नाही.

ही पाच जागा कोणाच्या, याचा विचार मात्र मनापासून करा. कर्करोगाचे उपचार चालू असलेलं मूल ही जिवंत विषाणूची लस घेऊ शकत नाही. आणि नऊ महिन्यांखालची सगळी बाळं. तुझे यजमान ज्या ‘बाकीच्यांच्या’ भरवशावर आहेत, त्याच भरवशावर त्यांची स्वतःची मुलगी आज आहे. तिला या घडीला लस नाही, आईचं कवच विरतंय, तिच्याभोवती जी काही भिंत आहे ती मजल्यावरच्या थोरल्या मुलांच्या दंडांची आहे. त्या भिंतीतली सगळ्यात जवळची वीट तिचा सख्खा भाऊ. तिची पापी घेणारा, तिच्याच चटईवर झोपणारा. त्याच्या दुसऱ्या डोसचा उपयोग त्याला आहेच, पण पहिला उपयोग तिला आहे. हे त्यांना सांग. बापाला हे कळेल.

‘साथ येते तशी जाते’ हेही खरं आहे. ती का जाते, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर शोधताना आपल्या मुंबईचे आकडे वापरले गेलेत. १९०५ च्या डिसेंबरपासून १९०६ च्या जुलैपर्यंत मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसं गेली, याची नोंद होती. आकडे आधी हळूहळू, मग भराभर चढतात, शिखर गाठतात आणि तसेच उतरतात. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांनी या नोंदीवर आपलं गणित पडताळून पाहिलं. मॅकेन्ड्रिक हे डॉक्टर, त्यांनी नोकरीची कित्येक वर्षं हिंदुस्थानात काढली होती. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेलेली होती. प्लेग उंदीर-पिसवांमार्फत पसरतो, त्यामुळे मांडणीत काही गोष्टी त्यांना सोप्या कराव्या लागल्या. पण त्यांनी जे दाखवलं ते आजही टिकून आहे. वस्तीतली सगळी माणसं आजारी पडून संपतात म्हणून साथ ओसरत नाही, किंवा रोगाचा जोर मावळतो म्हणूनही नाही. ज्यांना अजून होऊ शकतो अशी माणसं एका ठरावीक संख्येच्या खाली गेली की ती विझते. बऱ्याचशा माणसांना तेव्हाही लागण झालेली नसते. होळीत मध्ये मध्ये ओली लाकडं घातली तर जाळ पुढे सरकत नाही, तसं.

म्हणजे त्या संख्येच्या खाली जायला दोन वाटा आहेत. आजाराने मुलांना एकेक करून गाठू द्यायचं, किंवा लसीने. दोन्हीकडून साथ थांबतेच. फरक एवढाच, की पहिल्या वाटेवर काही मुलं आपल्याकडे राहत नाहीत. आणि तिथवर पोहोचूनही दरवर्षी नवी बाळं जन्मतात, उघडी मुलं पुन्हा साठतात, काही वर्षांनी पुन्हा साथ येते.

आता सासूबाई. त्यांना मोडीत काढू नकोस, ही माझी तुला हात जोडून विनंती. कडुलिंबाचा डहाळा राहू दे दाराला. या घरात जपून या, लहान मूल घेऊन येऊ नका, हे सांगणारी ती आपली जुनी पाटी आहे, आणि चांगली पाटी आहे. फोडणी बंद ठेवली तरी बिघडत नाही. तापातल्या मुलाला तसंही मऊ, बिनतिखट अन्नच जातं. फक्त अन्न तोडायचं नाही, हे त्यांना प्रेमाने सांग. पेजेवर ठेवायचं नाही. डाळ-भात, दूध, खात असाल तर अंडं, पपई, पालेभाजी, जे जाईल ते द्यायचं.

‘एकदा अंगावरून गेलेला बरा’ याला मात्र मी हो म्हणू शकत नाही. त्यांच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे: एकदा गोवर झाला की पुन्हा होत नाही. युरोपच्या उत्तरेकडच्या समुद्रातल्या फॅरो बेटांवर १७८१ नंतर पासष्ट वर्षं गोवर आला नव्हता. १८४६ साली कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो आला आणि पावणेआठ हजार वस्तीतल्या सहा हजारांहून जास्त माणसांना झाला. पानुम नावाचा पंचविशीतला डॉक्टर बेटाबेटांवर, घराघरांत फिरून तारखा टिपत राहिला. त्याला दिसलं, की १७८१ ला लहानपणी ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाच तो पुन्हा झाला नाही. संपर्कापासून तेरा-चौदा दिवसांनी पुरळ उठतं, हेही त्यानेच तारखा जुळवून दाखवलं. तो हिशेब तुला लागणार आहे, पुढे सांगते.

पण गोवर स्वतः परत येत नसला तरी जाताना बरंच काही घेऊन जातो. १९८० च्या दशकात डोंगराळ भागातल्या एका आरोग्य केंद्रावर माझी पहिली नेमणूक होती. एका पाड्यावर शिमग्याच्या सुमारास गोवर आला. दीड वर्षाची एक मुलगी त्यातून उठली. आईने मला तिच्या अंगावरचे काळसर डाग दाखवले, कोंड्यासारखी कातडी सुटत होती, आम्ही दोघी हसलो, पोर वाचली म्हणून. दीड महिन्याने ती जुलाबांनी गेली. नोंदवहीत मी माझ्या हाताने ‘अतिसार’ लिहिलं. बरीच वर्षं मला ते बरोबरच वाटत होतं.

आता ठाऊक आहे की गोवर शरीराची जुनी ओळख पुसतो. आधीचे आजार, आधीच्या लसी यांतून शरीर जे शिकलेलं असतं, त्यातलं बरंचसं विसरायला लावतो. २०१९ साली लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवरच्या आधी आणि नंतर तपासलं, तर निरनिराळ्या मुलांत ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. पुढे महिनोन्महिने ते मूल न्यूमोनियाला, जुलाबाला उघडं पडतं. शिवाय अ जीवनसत्त्व इतकं खर्ची पडतं की कुपोषित मुलाचे डोळेही जाऊ शकतात. म्हणून गोवरच्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात. तुझ्या शेजारणीच्या मुलाला ते मिळाले का, हे सगळ्यात आधी विचार. ती लपवून बसली असेल तर मिळाले नसतील.

सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी एक कर. त्या साठीच्या आसपास असतील असं धरते. दुपारी निवांत असताना त्यांना बाही वर सारायला सांग. दंडावर किंवा हातावर नाण्याएवढा, आत दबलेला एक वण असेल. त्यांना विचार, हा कशाचा? त्या सांगतील, ‘देवी काढल्या होत्या’, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचली होती. भिंतींवर गेरूने लिहिलेलं असायचं, ‘देवीचा रोगी कळवा, १,००० रुपये मिळवा’, तेही त्यांना कदाचित आठवेल. मला लख्ख आठवतं. आमच्या गावात तोंडावर देवीचे वण असलेली, एका डोळ्याने गेलेली माणसं होती; त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणत नसे की अंगावरून गेलेल्या बऱ्या. १९७५ च्या मेमध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला, १९७७ नंतर जगात तो आजार आपणहून कोणालाच झालेला नाही. तुझ्या मुलाच्या डाव्या दंडावर जो बारीक वण असेल तो क्षयाच्या बीसीजीचा. आजीसारखा देवीचा वण त्याला नाही, कारण त्याला ती लस घ्यावीच लागली नाही. आजीच्या पिढीने हात पुढे केले होते. हे सासूबाईंना कोणी कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तू सांग.

तिथूनच मजल्यावरच्या लोकांकडे जाऊ. देवीच्या वेळी रोगी शोधून काढायचा, त्याला वेगळं ठेवायचं आणि त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचायचं, ही पद्धत लागू पडली. कारण देवीचा रोगी मुख्यतः पुरळ उठल्यावरच आजार पसरवायचा, आणि पुरळ लपत नव्हतं. गोवर चार दिवस आधीच सगळीकडे फिरून आलेला असतो. आज त्या कुटुंबाला गावी धाडलं तर तुमची गॅलरी स्वच्छ होत नाही, फक्त एसटीतली आणि गावातली मुलं त्यात ओढली जातात. पुरळ उठल्यापासून चार दिवस त्या मुलाने खोलीतच राहावं, खिडकी उघडी असावी, एवढं पुरे. धमकावण्याने काय होतं, हे आपण १८९७ साली पुण्यात पाहिलंय. गोरे शिपाई घराघरांत घुसून प्लेगचे रोगी बाहेर काढू लागले, तेव्हा लोकांनी आजारी माणसं माळ्यावर आणि अडगळीत लपवली. लपवलेला रोगी सगळ्यांनाच महागात पडतो.

म्हणून शेजारणीला तू समजाव की आशाताईला कळवणं म्हणजे तक्रार नाही. कळवलं की मुलाला अ जीवनसत्त्व मिळतं, नमुना तपासणीला जातो, आणि आशाताई चाळभर फिरून कोणाचे डोस राहिलेत ते पाहते. तरीही ती तयार झाली नाही, तर तिला सांगून तू कळव, पण आरोग्य केंद्राला, गॅलरीत नको. डबाही देत राहा. तुला लहानपणी गोवर झालेला असेल किंवा लस झाली असेल, तर तुझ्यापासून घरात काही येत नाही. बाळाला मात्र कडेवर घेऊन जाऊ नकोस, आणि आल्यावर हात धू.

आता पानुमचा हिशेब. मुलगा त्याच्याबरोबर शेवटचा खेळला त्या दिवसापासून एकवीस दिवस मोज आणि कॅलेंडरवर खूण कर. पुरळ बहुधा चौदाव्या दिवसाच्या मागेपुढे उठतं. त्याआधी ताप, नाक गळणं, कोरडा खोकला, लाल डोळे. गालाच्या आतून मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर लगेच डॉक्टरांकडे, पुरळाची वाट पाहू नकोस. पुरळ कानामागून, केसांच्या कडेने सुरू होतं आणि खाली उतरतं. श्वास भरभर चालणं, छाती आत ओढली जाणं, झटका येणं, पाणीही पोटात न ठरणं, गुंगी येणं, डोळ्यात पांढरं दिसणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, रुग्णालय गाठायचं. आणि दवाखान्यात शिरायच्या आधी बाहेरूनच सांगायचं की गोवरची शंका आहे, म्हणजे आत बसलेल्या दुसऱ्या बाळांपासून तुम्हाला वेगळं बसवतील.

लसीकरणाला जाताना कार्ड घे. हरवलं असेल तरी जा. ही लस बाटलीत कोरड्या गोळ्यासारखी असते, सिस्टर त्यात औषधाचं पाणी घालून ती विरघळवते, आणि एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. एका बाटलीत पाच-दहा मुलांची लस असते. त्यामुळे मजल्यावरच्या ज्यांचे डोस राहिलेत त्या आयांनाही बरोबर घे. पाच-सहा मुलं एकदम आलेली पाहून सिस्टर खूशच होईल. बाटलीच्या झाकणावर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस थंडीत नीट राहिलेली आहे. यजमानांना तो बघायला लाव, त्यांना तपासून घ्यायला आवडतं असं दिसतंय.

मुलाला सासूबाईंच्या मांडीवर बसव, उजवा हात मोकळा ठेव. सुई झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबायला सांगतील, थांबा. आणि आठव्या-दहाव्या दिवशी त्याचं अंग तापेल कदाचित, हे यावेळी यजमानांना आधीच सांगून ठेव.